टेस्टेड ओके

आमच्या घरी सध्या फळ खाण्याचे तीन टप्पे आहेत: धुणे, खरवडणे आणि खाणे. पैकी मधला टप्पा माझ्याकडे असतो. ठाण्याच्या ज्या चकचकीत दुकानातून मी बँक सुटल्यावर फळं आणतो, तिथे सफरचंदापासून ढोबळ्या मिरचीपर्यंत प्रत्येकाच्या अंगावर एक लेबल असतं. ते नखाने निघत नाही. निघालंच तर अर्धं निघतं आणि उरलेलं अर्धं पोटभाडेकरूसारखं जागा सोडत नाही. असा इमानी गोंद आमच्या शाखेतल्या पाकिटांना मिळता, तर टाचण्यांचा खर्च वाचला असता!

कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे आकडा दिसला की तो वाचल्याशिवाय मला राहवत नाही. परदेशी फळांवरच्या चार आकडी नंबराला अर्थ असतो. तिकडच्या दुकानांत १९९० पासून ही पद्धत आहे. ४०११ म्हणजे साधं पिवळं केळं. त्याच्याआधी ९ लागला, की तेच केळं सेंद्रिय. गल्ल्यावरच्या माणसाला केळं ओळखता यावं म्हणून ही सोय!

आपल्याकडच्या बऱ्याचशा लेबलांवर नंबरही नसतो. नुसतंच ‘बेस्ट क्वालिटी’ किंवा ‘टेस्टेड ओके’. आता तुम्हीच सांगा, कुणी तपासलं? कधी तपासलं? सही कुठे आहे? सहीशिवाय नुसता शिक्का मी एखाद्या व्हाउचरवर मारला असता, तर दुसऱ्या दिवशी हातात मेमो पडला असता. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही २०१८ साली सांगून टाकलं, की आपल्याकडे ही लेबलं माल उंची दिसावा म्हणून, नाहीतर नासका भाग झाकायला लावतात. तेव्हा ती काढून टाका. हे वाचून मी फ्रिजमधल्या एका सफरचंदाचं लेबल सोललं. खाली लेबलाच्याच मापाचा काळा डाग! इतका चोख ताळमेळ बी. कॉम.च्या तीन वर्षांत माझा एकदाही जमला नव्हता.

गेल्या नोव्हेंबरात चिरंजिवांनी असंच एक लेबल गुपचूप माझ्या शर्टाच्या पाठीवर डकवलं. डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमध्ये जिथे शर्टाची बटणं टिकत नाहीत, तिथे ते टिकलं. मी ‘टेस्टेड ओके’ अवस्थेत ठाण्याला उतरलो आणि तसाच शाखेत शिरलो. मॅनेजरसाहेबांनी माझी पाठ वाचली आणि म्हणाले, “कुणी तपासलंय? सही दिसत नाही!”

मी ते काढलं आणि चडफडत काउंटरच्या कडेला चिकटवलं.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. रांगेत पहिलेच उभे होते रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब. मी त्यांना दहा-बारा वर्षं ओळखतो. पासबुक भरायला आले की आधी माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करतात. त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला. जुळेना. वयाने रेषा पुसट झालेल्या. अंगठा पुसून झाला, दाबून झाला, दुसरा लावून झाला.

“नाही हो जुळत,” मी स्क्रीनकडे बघत म्हणालो.

“अहो, मी उभा आहे ना तुमच्यासमोर!”

“ते खरं, पण यंत्र...”

गार्डसाहेबांचं लक्ष काउंटरच्या कडेला गेलं. त्यांनी चष्मा सारखा करून लेबल वाचलं आणि हसून म्हणाले, “मग हेच लावा माझ्या कपाळाला!”

रांग हसली. मीही हसलो, पण ते हसणं जरा घशात अडकलं. दोन वर्षं लेबलांच्या नावाने खडे फोडणारा मी, समोरचा जिताजागता माणूस सोडून त्याचं लेबल शोधत होतो. मग मी कागदी फॉर्म काढला, त्यांच्या शेजारी बसून भरला, शिक्का मारला आणि साहेबांची सही स्वतः जाऊन आणली.

त्या संध्याकाळी चकचकीत दुकान टाळलं. डोंबिवलीला उतरून भाजीवाल्या मावशींच्या पाटीपुढे उभा राहिलो. पेरू हवे होते. मावशींनी एकेक उचलून अंगठ्याने हलकेच दाबला. “हे दोन आज खा. हे परवा. हा नको नेऊ, आतून गेलाय.” आणि तो बाजूला टाकला.

पैसे देताना मी त्यांचा अंगठा पाहिला. घासून गुळगुळीत झालेला. आमच्या यंत्राने तो नक्कीच नापास केला असता.

पेरू मात्र सांगितल्या दिवशी सगळे गोड निघाले.