टॅपेट कव्हरचं पॅकिंग

कुवेतमध्ये तेल गळण्याचं कुणाला काय वाटावं? मंगफहून फार लांब नाही त्या बुरगानला १९३८ साली तेल सापडलं, १९४६ साली पहिलं जहाज भरून गेलं, आणि त्याच तेलाच्या जिवावर आपण सगळे इथे आलो. तरी मोटारीच्या इंजिनातून चार थेंब गळले की जीव खालीवर होतो. आज त्या चार थेंबांबद्दल सांगायचं आहे. जन्मभर शिकवण्याची सवय, तेव्हा थोडं व्याख्यान होईल, सांभाळून घ्या.

गाडी माझ्या मुलाची. सत्तरच्या दशकातली शेव्हरोले, ३५० क्युबिक इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन. आमच्या पिढीची मोटार म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जिची पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तिचं इंजिन १०८९ सीसी. मुलाच्या इंजिनात तशी पाच मावतील. पण रचना एकाच जातीची. पुशरॉड खालून ढकलतात, रॉकर डुलतात, व्हॉल्व्ह उघडतात, आणि या सगळ्यावर पत्र्याचं एक झाकण. पुस्तकात त्याला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात, आपले मिस्त्री टॅपेट कव्हर. फियाटला एक, व्ही-८ला दोन.

झाकणाखाली तेल सतत उडत असतं. ते बाहेर येऊ नये आणि इथली धूळ आत जाऊ नये, म्हणून मध्ये बुचाचं किंवा रबराचं पॅकिंग. बूच उष्णतेनं वाळतं, आकसतं, चिरतं. या इंजिनात झाकणाच्या अगदी खालीच धूर बाहेर नेणारी तापलेली नळी असते. तेल तिच्यावर टपकलं की वास येतो, धूर निघतो, आणि नशीब फिरलं तर पेटही घेतं. म्हणून हे दुर्लक्ष करण्याचं काम नव्हे.

मुलानं आधी एका गॅरेजात गाडी दाखवली होती. तिथे पॅकिंगच्या जागी सिलिकॉन भरभरून लावलं. दोन महिने थांबलं, पुन्हा गळायला लागलं. शिवाय जास्तीच्या सिलिकॉनचे आत लोंबणारे तुकडे सुटून तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकू शकतात, ही भीती वेगळीच. शेवटी जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही तिघं, मी, मुलगा आणि सतरा वर्षांची नात, इमारतीच्या पार्किंगमध्ये बसलो.

तुम्हाला कधी करायचं झालं तर क्रम असा. इंजिन थंड असू द्या. झाकण काढल्यावर तेल परत खाली जाण्याची भोकं चिंध्यांनी बुजवा, म्हणजे खरवडलेला चुरा आत पडणार नाही. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून काढा आणि दोन्ही कडा पुसून कोरड्या करा. तेलकट जागेवर काहीच चिकटत नाही. मग झाकण सपाट फरशीवर पालथं ठेवून पाहा. कुणी बोल्ट जोरात आवळले असतील तर भोकांपाशी पत्रा आत दबलेला असतो. लाकडाचा ठोकळा खाली घेऊन तो हलक्या हातोडीनं सरळ करा. चिकटवायचं ते पॅकिंग फक्त झाकणाला, पातळ हातानं. इंजिनाकडची बाजू कोरडी ठेवायची. शेवटी बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. हेडचे बोल्ट साधारण ९० न्यूटन-मीटरला आवळतात. या झाकणाचे जेमतेम ५ला. इथे ताकद लावणारा माणूसच गळती करून ठेवतो.

एवढं करूनही काम अर्धंच होतं. सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टनच्या कडेनं खाली सरकतो आणि इंजिनाच्या पोटात दाब साठतो. तो बाहेर पडायला एका झाकणावर छोटी झडप असते, पीसीव्ही. आमची ती काजळीनं चोंदली होती. हलवली तर खुळखुळलीसुद्धा नाही. तिची वाट बंद, म्हणून दाब पॅकिंगमधून वाट काढत होता. नातीला म्हटलं, कुकरची शिट्टी चोंदली तर रबर बदलून काय उपयोग? नवी झडप बसवली.

ती मात्र वेगळाच प्रश्न घेऊन बसली होती. मुलाचा करार मार्चमध्ये संपणार होता. गाडी विकायची ठरली होती, घर आवरायला घेतलं होतं, आणि ती ज्या मंगफमध्ये जन्मली ते सोडून पुण्याला कॉलेजात जाणार होती. “आजोबा, आपण जाणारच आहोत, तर सिलिकॉन चोपडून दिलं असतं तरी चाललं असतं ना? इंजिनाकडची बाजू कोरडी का ठेवायची?”

“पुढच्याला उघडता यावं म्हणून,” मी म्हटलं. “दोन्ही बाजूंनी चिकटवलं की पुढचा माणूस पटाशीनं उचकटतो आणि पत्रा वाकतो.”

मुलगा काही बोलला नाही. बावीस वर्षं इथे काढलेला माणूस तो. बोल्ट आवळता आवळता त्याचा हात जरा थांबला, एवढंच दिसलं. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला इथून कधीतरी निघायचं असतं. आपल्या जागी कुणीतरी येतं, आपण लावलेलं उघडतं. त्याची पंचाईत होऊ नये, एवढं तर आपल्या हातात असतं. नातीनं एका कागदावर कोणतं पॅकिंग, कधी बसवलं, झडप कधी बदलली, हे इंग्रजीत लिहून गाडीच्या खणात ठेवलं. गाडी घेणाऱ्या कुवेती तरुणानं तो कागद वाचला आणि नीट घडी करून परत तिथेच ठेवला.

आता ती पुण्यात मैत्रिणींबरोबर राहते. परवा तिचा फोन आला. कुकर बाजूनं फसफसत होता, मैत्रिणी नवं रबर आणायला निघाल्या होत्या.

“मी म्हटलं थांबा, आधी शिट्टी साफ करू.”

“मग?”

“मग काय, रबराचे पैसे वाचले!”