जुनी लेन्स विकताना

वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहून शिकलेले आम्ही दोघे आज पुण्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी छायाचित्रे काढतो. पगारदार माणसाच्या ऐपतीला हा छंद तसा जडच. त्यामुळे आमच्यासारख्या हौशी मंडळींत लेन्स हातोहात फिरतात. हिवाळ्यात कवडीपाटला चक्रवाक टिपायला जमलेल्यांपैकी एकाची लेन्स पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर दिसते, आणि त्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही.

आमची पहिली लेन्सही जुनीच होती. दोघांची बचत एकत्र करून आम्ही ती घेतली. विकणाऱ्याने ती पुसून लखलखीत करून दिली होती. पहिल्याच पावसाळ्यात विजेरीच्या उजेडात आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. ती बुरशी होती, आणि इतकी पसरलेली की ती आधीपासूनचीच असणार. काय पाहावे हे ठाऊक नसल्याने आम्ही विचारले नाही आणि आम्ही विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नाही.

त्यानंतर आम्ही पाहायला शिकलो. दोन्ही झाकणे काढावीत, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे आणि विजेरीचा उजेड तिरपा टाकावा. बुरशी असल्यास दिसते. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल उतरले आहे का, फोकसचे कडे अडखळते का, फिल्टरच्या आट्यांना पोचा आहे का, हेही तपासावे. बिलावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा. घरी आणल्यावर ती कातडी पिशवीत कोंडून न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी. हे सारे घेणाऱ्याचे शहाणपण झाले. विकणाऱ्याचे शहाणपण आम्ही फार उशिरा शिकलो.

आमच्यापैकी एकाच्या धाकट्या बहिणीच्या नर्सिंगची फी भरायची होती आणि मुदतीला चारच दिवस उरले होते. म्हणून निकॉनची ५० मिलिमीटर, एफ १.८ डी ही लेन्स साडेपाच हजारांना विकायला काढली. लातूरहून एक तरुण रात्रीच्या एस.टी.ने आला. लग्नसमारंभांची कामे नुकतीच धरली होती. त्याने लेन्स उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि विचारले, “दादा, आत बुरशी नाही ना?” नव्हतीच. आम्ही तसे सांगितले. त्याने खिशातून पैसे काढले.

तेवढ्यात त्याच्या पिशवीतला कॅमेरा दिसला. डी ३३००. या लेन्सच्या पोटात मोटर नसते; कॅमेऱ्यातील मोटर एका स्क्रूद्वारे तिचा फोकस फिरवते. डी ३३०० मध्ये ती मोटरच नाही. लेन्स बसली असती, छायाचित्रेही निघाली असती. पण प्रत्येक वेळी फोकस हाताने करावा लागला असता. अक्षता पडण्याचा क्षण त्यासाठी थांबत नाही.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघेही गप्प होतो. त्याने विचारले त्याचे उत्तर खरेच दिले होते. जे विचारले नाही ते सांगण्याचे बंधन कोठे होते? ते काही क्षण आम्हांला अजून आठवतात, कारण त्या क्षणांपुरते आम्ही दोघांनीही ती लेन्स मनातल्या मनात विकून टाकली होती.

शेवटी एकजण म्हणाला, “बाबा रे, पैसे ठेव. आधी ही तुझ्या कॅमेऱ्यावर लावून बघ.” त्याने लावली. पडद्यावर ‘एफ ई ई’ उमटले; अ‍ॅपर्चरचे कडे २२ वर नेऊन अडकवल्याखेरीज तो कॅमेरा चालत नाही, हेही त्याला दाखवले. मग त्याने फोकससाठी बटण दाबले. लेन्स हलली नाही. कडे हाताने फिरवले की दृश्यदर्शकात हिरवा ठिपका लागतो, तेव्हा फोकस बरोबर समजायचा, हे त्याने करून पाहिले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “लग्नात नाही जमायचं, दादा.” मोटर आत असलेल्या लेन्सच्या नावात ‘ए एफ-एस’ ही अक्षरे पाहा, असे सांगून आम्ही त्याला चहा पाजला आणि स्वारगेटला सोडले.

फी उसनवारी करून भरली. लेन्स तीन आठवड्यांनी डी ७००० वापरणाऱ्या एका शिक्षकांनी घेतली. कड्याला असलेला बारीक पोचा आम्ही आधीच दाखवल्याने पाचशे रुपये कमी आले. उसने फेडायला दोन महिने लागले.

लातूरचा तो तरुण मात्र आजही काही घेण्यापूर्वी फोन करतो. “दादा, ही घेऊ का?” असे विचारतो. आम्ही प्रथम त्याला त्याच्या कॅमेऱ्याचे नाव विचारतो आणि मग, त्याने विचारलेले असो वा नसो, ठाऊक असलेले सगळे सांगतो.