वंशाचा दाखला

अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि त्यातून बचावलेल्या सात दांपत्यांपासून आपला वंश वाढला, अशी परंपरा सांगणारे बेने इस्रायल ज्यू लोक आमच्या तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात पिढ्यानुपिढ्या तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गाव त्यांना शनवार तेली या नावाने ओळखीत असे. किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी गावांची नावे त्यांनी आडनावांत धारण केली आणि वधूच्या गळ्यात मंगळसूत्र बांधले. ज्या मुलखात धर्मापायी त्यांचा छळ कधी झाला नाही, तो सोडून 1948 नंतर ही कुटुंबे इस्रायलला निघाली, ती काही सर्वस्वी पोटासाठी नव्हे.

नेगेव्हच्या वाळवंटात 1955 मध्ये वसविलेल्या दिमोनासारख्या गावी, जेथे माडपोफळीची सावली तर राहोच, पण पावसाचे दर्शनही दुर्मीळ, तेथे मुंबईत कचेरीत कारकुनी केलेला गृहस्थ उतरत्या वयात हिब्रू मुळाक्षरे गिरवू लागतो आणि मिळेल ती मजुरी पत्करतो, हे कष्ट मनुष्य सोसतो, कारण त्या कष्टांना अंत दिसत असतो. परंतु 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने असा हुकूम काढला की, बेने इस्रायलांपैकी कोणाचा इतर ज्यूंशी विवाह व्हावयाचा असेल, तर त्याच्या कुळाची मागील पिढ्यांपर्यंत तहकीकात व्हावी. धर्मग्रंथ हाती नसतानाही ज्यांनी शेमाची प्रार्थना आणि शनिवारचा विसावा शतकानुशतके जतन केला, त्यांच्याकडेच वंशाचा दाखला मागितला जावा, हा मला घोर अन्याय वाटतो. ते मुकाट बसले नाहीत. 1964 च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेमात धरणे धरले, ऑगस्टमध्ये तेथील संसदेने, क्नेसेटने, त्यांचे ज्यूपण सर्वार्थाने मान्य केले, आणि धर्मपीठालाही तो हुकूम मागे घ्यावा लागला.

हा मान मिळविण्यासाठी त्यांनी कोकण टाकले नाही, याचे मला फार अगत्य वाटते. नवस फेडताना किंवा मंगलकार्याच्या प्रसंगी एलियाहू हानबीच्या नावाने भिजविलेले पोहे, साखर, खोबरे आणि फळे यांचा मलिदा तेथेही मांडला जातो. ज्या संदेष्ट्याची गुहा त्याच देशात कार्मेल पर्वतावर दाखविली जाते, त्याला अर्पण होणारे ताट मात्र अलिबागकडच्या अष्टागराचे असते. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी परदेशात स्वतःच्या बळावर चालविले. हिब्रूत शिकलेल्या त्यांच्या नातवंडांना ते वाचणे अवघड जाणार, हे उघड आहे. आणि दिमोना, अश्दोद, लोद येथे देवनागरी शिकविणारा एखादा शिक्षक नियमाने पाठविणे आमच्या सरकारला आणि साहित्यसंस्थांना अशक्य आहे, असे मला मुळीच वाटत नाही.