तोबरा

तलवारीची दसऱ्याला पूजा होते. खोगिरावर भरतकाम होतं. झिजून फेकलेल्या नालेलाही दाराच्या चौकटीवर जागा मिळते. तोबऱ्याला मात्र साधी खुंटी मिळायची मारामार. लाळेने चिकट, कोंड्याने माखलेला हा गडी चंदी संपली की खोगिरामागे बांधला जातो आणि पुढच्या मुक्कामापर्यंत त्याची आठवण फक्त घोड्याला राहते. गावोगावी अश्वारूढ पुतळे उभे आहेत. तोबरा लटकवलेला एकही माझ्या पाहण्यात नाही.

दिसायला तो सामान्यच. घोड्याच्या तोंडाला दाण्यासाठी बांधायची जाड किंतानाची नाहीतर चामड्याची पिशवी, कानांमागून जाणारा पट्टा, हवेसाठी चार भोकं. स्वभाव मात्र हिशेबी. घोड्याचं जठर देहाच्या मानाने फार लहान, दहा-पंधरा लिटरचं, आणि एकदा गिळलेलं त्याला ओकता येत नाही. एका बैठकीत जास्त दाणा गेला तर जीवावर बेततं. म्हणून तोबरा हात राखून वाढतो, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा. शेजारच्या दांडगट घोड्याला त्यात तोंड घालता येत नाही, हे आणखी एक.

त्याचं काम जागेगणिक बदलतं. गोव्यात केरी नावाची गावं एकाहून जास्त. पेडण्यातली केरी तेरेखोल नदीच्या मुखाशी, वाळूची. तिथे दाणा उघड्यावर टाकला तर घोडा त्याबरोबर वाळूही गिळतो. ती आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. सत्तरीतली केरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. तिथून वर जायचं तर घाटमाथा सुमारे 800 मीटरवर. ओझ्याच्या तट्टाला वाटेत पोटभर चरायला सवड कुठली? एका केरीत तोबरा वाळू अडवतो, दुसरीत वेळ वाचवतो.

त्याच्या पोटात तऱ्हेतऱ्हेचं गेलं आहे. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि अरबी घोड्यांचा व्यापार हाती धरला. जहाजातून उतरलेली ती जनावरं घाट चढून विजयनगरला जात. त्याआधी चाळीसेक वर्षं चौलला घोडा घेऊन उतरलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की इथे घोड्यांना हरभरा घालतात, शिवाय साखर घालून खिचडी शिजवतात. मोतद्दाराला ती मिळत होती की नाही, कोण जाणे.

राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीला पत्र धाडलं. दाणा-वैरण बेताने वापरा, आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुमचे लोक रयतेला नागवतील, असा त्याचा आशय. दिव्याची पेटती वात उंदीर पळवतील आणि गवत पेटेल, इथवर त्यात काळजी आहे. पागा कशी सांभाळावी हे याहून नेमकं सांगणारं मराठीत मी काही वाचलेलं नाही. दाणा-वैरण संपली की काय होतं, ते पुढे दिसलंच: 1761 च्या जानेवारीत पानिपतावर तोबरे आधी रिकामे झाले, लढाई मागाहून झाली.

गोव्यात शिगम्याच्या सणाला सत्तरी-डिचोलीकडे घोडेमोडणी होते. लाकडी घोडा कमरेला बांधून, हाती तलवार घेऊन गडी नाचतात. साज सगळा असतो, तोबरा तेवढा नसतो. लाकडाला भूक नाही, तेव्हा ते माफ.

तोबऱ्याच्या खोडीही आहेत. कोरडा भरडा असला की धूळ थेट नाकात; म्हणून दाणा ओलसर हवा. तळाशी चार दाणे उरले की घोडा मान झटकून निम्मे उडवतो. तेव्हा पट्टा वर घ्यावा लागतो. खाण्याची घाई आजही आहेच: घोड्यांच्या 160 किलोमीटरच्या शर्यतींत टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य नाडी मोजतो आणि ती ठरल्या वेळात मिनिटाला साधारण 64 पर्यंत उतरली नाही तर घोडा बाद. मधल्या विश्रांतीत खाणं-पाणी उरकावं लागतं.

तुम्हाला कधी घोड्यावरून लांब जायचं झालं, तर मुक्कामाला पोचताच तंग सैल करा, घोड्याला हळूहळू फिरवा, धाप बसली की पाणी आणि गवत द्या, दाणा नंतर. आणि तोबरा चढवलेला घोडा ओढ्याकाठी मोकळा सोडू नका. त्याने पाण्यात तोंड घातलं की पिशवी भरते आणि तो जागच्या जागी गुदमरतो.