ओली काच

काचा पुसणाऱ्याचं गिऱ्हाईक भांडून जात नाही. इंग्लंडमध्ये तर नाहीच नाही. एखाद्या संध्याकाळी मोबाइलवर दोन ओळी येतात: इतके दिवस काम केलंत, आभारी आहोत, यापुढे येण्याची गरज नाही. कारण विचारायची इथे रीत नाही, पण मी विचारतो. एकदाच, नम्रपणे, आणि काम परत मागायला विचारत नाही हे आधी सांगून. बरेच जण उत्तर देतात. कुणी घर विकलेलं असतं, कुणाची नोकरी गेलेली असते. ती कारणं वगळली की उरलेल्यांत पैशाचा विषय फार थोड्यांचा. बाकीच्यांचं म्हणणं साधारण एकच: तुम्ही हल्ली शिडी लावत नाही. काच ओलीच सोडून जाता. आधीचा माणूस फडक्यानं कडा पुसायचा.

मी लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोच्या पलीकडे, स्लाऊ आणि आसपासच्या गावांत हे काम करतो. आपल्याकडच्या वाचकाला घराच्या काचा पुसायला बाहेरचा माणूस लागतो हेच नवल वाटेल. आपल्याकडे खिडकीला ग्रिल, आत सरकत्या काचा, त्या दिवाळीआधी घरच्या घरी पुसून होतात. इथल्या खिडक्या बहुतेक बाहेरच्या बाजूला उघडतात. वरच्या मजल्यावरच्या तावदानाची बाहेरची बाजू आतून हाताला लागतच नाही. म्हणून दर चार किंवा आठ आठवड्यांनी येणारा माणूस असतो आणि एका गल्लीतली घरं जोडत जोडत त्याची फेरी तयार होते. तिला आम्ही ‘राउंड’ म्हणतो. राउंड विकता येते, विकत घेता येते. घर एकदा जोडलं की ते वर्षानुवर्षं टिकतं. त्यामुळे एक घर जाणं म्हणजे नुसती एका दिवसाची मजुरी बुडणं नव्हे.

मी काम शिकलो ते हाताचं. बादलीत पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडची एक धार. दांडीवर चढवलेल्या लोकरी बाहीनं तावदान चोळायचं, कडा जरा जास्तच, कारण कोळिष्टकं आणि हिरवं शेवाळ कडेलाच धरतं. मग वायपर. तो ओल्या काचेवर कुठूनही टेकवला तर रेघ उमटते. आधी वरच्या कडेला बोटभर पट्टी कोरडी करून घ्यायची, रबर तिथे टेकवायचं आणि मनगट वळवत नागमोडी खाली यायचं. रबराचं एक टोक सतत किंचित पुढे हवं, म्हणजे पाणी नेहमी अजून न पुसलेल्या बाजूला ढकललं जातं. रबराची धार काटकोनात हवी. ती गोलसर झाली की कितीही कौशल्य असो, काचेवर धुक्यासारखा पातळ थर राहतो. शेवटी तागाच्या जुन्या, बऱ्याचदा धुतलेल्या फडक्यानं कडा टिपायच्या. नवं फडकं धागे सोडतं. आज आम्ही वापरतो तो हलका, एकाच रबराचा वायपर एत्तोरे स्तेक्कोने या अमेरिकेत ओकलंडला स्थायिक झालेल्या इटालियन माणसाचा. 1936 मध्ये त्यानं पेटंट घेतलं. त्याआधीचे वायपर जड असायचे, त्यांचं रबर बदलायला एकामागून एक स्क्रू काढावे लागायचे. काचा पुसणाऱ्या माणसानं काचा पुसणाऱ्यांसाठी केलेलं हे हत्यार आहे, आणि ते हातात धरलं की कळतं.

दुसरी पद्धत पोलची. कार्बन फायबरच्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्या, टोकाला ब्रश, ब्रशमध्ये पाण्याच्या बारीक तोट्या. पाणी व्हॅनमधल्या टाकीतून येतं. माणूस जमिनीवर उभा राहून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या काचा घासतो, चौकटीसकट धुतो, वरून खाली पाणी सोडतो आणि पुढच्या खिडकीकडे जातो. पुसत नाही. सगळं गणित पाण्यात आहे. स्लाऊच्या नळाचं पाणी चुनखडीच्या खडकातून आलेलं, त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 300 च्या वरच. हे पाणी काचेवर वाळलं की क्षार मागे उरतात आणि पांढरे ठिपके पडतात. म्हणून रात्रभर आरओमधून पाणी गाळून टाकी भरायची, आरओतून निसटलेले क्षार रेझिनच्या नळकांड्यात अडवायचे आणि मीटरवर शून्य आलं की मगच ते काचेला लावायचं. मागे ठेवायला पाण्यात काही नाही, म्हणून ते वाळलं तरी डाग पडत नाही.

हे मी किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. पटतं थोड्यांना. कारण माणूस दुपारी कामावरून येतो तेव्हा त्याला मीटर दिसत नाही, थेंब ओघळणारी काच दिसते. त्यानं लहानपणापासून एकच पाहिलंय: काच धुतात आणि पुसतात. पुसल्याशिवाय निघून जाणारा माणूस त्याला काम अर्धवट टाकून गेलेला वाटतो.

स्लाऊमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यातल्या एका घरी मुलाकडे सहा महिने राहायला सांगलीकडच्या एक आजी आल्या होत्या. मी मागच्या अंगणात पोल आवरत होतो. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या,

“बाळा, पुसायचं राहिलं की रे!”

“नाही आजी, तसंच वाळतं ते.”

“वाळेल, पण डाग पडतील.”

माझ्या व्हॅनमध्ये एक छोटा आरसा असतो. तो आणला, त्यावर एका बाजूला त्यांच्या नळाच्या पाण्याचा थेंब ठेवला, दुसऱ्या बाजूला टाकीतल्या. ऊन बरं होतं. मी पुढची बाजू धुऊन येईपर्यंत दोन्ही थेंब वाळले होते. नळाच्या थेंबाच्या जागी पांढरी गोल कड उमटली होती. दुसरा थेंब कुठे होता ते शोधावं लागलं. आजींनी आरसा तिरका करून पाहिला, कडेवरून नख फिरवलं. “आमच्या बोअरच्या पाण्यानं स्टीलच्या भांड्यांवर हेच होतं,” म्हणाल्या. “तुझ्या पाण्याचा टीडीएस किती?” शून्य म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. गावच्या घरी आरओ होता आणि त्याचाही आकडा त्यांना पाठ होता. मग मी त्यांना मीटर दाखवला, रेझिन दाखवलं. इतक्या बारकाईनं हे माझ्याकडून कुणी समजून घेतलं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, “मला पटलं रे. पण जो असा दारात उभा राहणार नाही, त्याचं काय करशील?”

या प्रश्नाचं आमच्या धंद्यातलं नेहमीचं उत्तर मला मान्य नाही. ते उत्तर असं: सांगून टाका, शिडीला कायद्यानं बंदी आहे. कित्येक जण असंच सांगतात. ते खरं नाही. 2005 सालचे उंचीवरच्या कामाचे नियम म्हणतात की शक्य असेल तिथे उंचीवर चढणंच टाळा, आणि टाळता येत नसेल तर धोका तपासून योग्य साधन निवडा. थोड्या वेळाच्या, कमी धोक्याच्या कामाला शिडी आजही चालते. तिचा उतार चारास एक हवा, म्हणजे चार फूट उंचीमागे पाया एक फूट बाहेर, आणि चढणाऱ्याला तीन ठिकाणी आधार हवा. शिडीवर उभं राहून एका हातात बाही आणि दुसऱ्यात वायपर घेतला की तो तिसरा आधार कुठून आणायचा, हे मला कुणी सांगावं. इंग्लंडमध्ये कामावर जीव जाण्याच्या कारणांत उंचीवरून पडणं नेहमी अगदी वर असतं. हे खरं कारण पुरेसं आहे. गिऱ्हाइकाला बंदीची थाप मारली आणि पुढच्याच आठवड्यात शेजारच्या घराला कुणी शिडी लावलेली दिसली, की पाणी शुद्ध आहे हे तुमचं खरं बोलणंही त्याला थापच वाटतं. या एका थापेनं पोलवाल्यांची जितकी घरं गेली आहेत, तितकी ओल्या काचेनं गेली नसतील असं मला वाटतं.

आणि गिऱ्हाईक कित्येकदा बरोबर असतं, हे आमच्यातले पोलवाले कबूल करत नाहीत. जुन्या लाकडी चौकटीचा रंग उन्हापावसानं भुसभुशीत होतो. बोट फिरवलं तर खडूसारखी पूड लागते. अशा चौकटीवर ब्रश घासला की ती पूड पाण्याबरोबर काचेवर उतरते आणि वाळल्यावर दुधाळ ओघळ दिसतात. टीडीएस शून्य असून उपयोग नाही, कारण डाग पाण्यातला नसून चौकटीतला आहे. प्लास्टिकच्या चौकटीच्या खिडक्यांना वर छोटी झडप असते. तिच्या खाचेत वर्षानुवर्षांची घाण साठलेली असते आणि मी गेल्यावर तासाभरानं ती थेंबाथेंबानं गळते. पहिल्या धुण्याला हे बहुतेक ठिकाणी होतंच. म्हणून पहिल्या वेळी दोनदा धुवावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे घ्यावे लागतात. ते न सांगता, नेहमीच्या दरात, नेहमीच्या वेगात पहिलं धुणं उरकणारा माणूस दुसऱ्या फेरीला त्या दारात उभा राहू शकत नाही. शिवाय काच काचेत फरक असतो. एका काचेवर पाणी चादरीसारखं सरळ उतरतं, दुसरीवर त्याचे मणी होतात. मणी होणाऱ्या काचेवर घाण थेंबाथेंबात अडकून बसते, तिला दुप्पट पाणी द्यावं लागतं. हे ओळखायला मीटर लागत नाही, ब्रश काचेवरून उचलून क्षणभर बघत थांबावं लागतं. घाई असली की नेमकं हेच वगळलं जातं.

उलट शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या चौकोनी काचांच्या खिडक्या घ्या. टिचभर काच, चारही बाजूंना उंच पट्टी. तिथे वायपर चालतच नाही, फडक्यानं पुसलं तर प्रत्येक कोपऱ्यात ओल राहते. पोलच्या ब्रशनं त्या लख्ख निघतात. अशाच खिडक्यांच्या एका घराच्या बाईंनी हाताचं काम हवं म्हणून मला थांबवलं होतं. पुढे त्यांनी स्वतःहून बोलावलं. मी कारण विचारलं नाही.

पोलचं एक कारण गिऱ्हाइकांना सगळ्यात लवकर पटतं आणि आम्ही ते क्वचितच बोलतो. शिडी लावली की माणूस झोपायच्या खोलीच्या खिडकीत तोंड घेऊन उभा असतो. घरात लेकीसुना असतात, रात्रपाळी करून झोपलेली नर्स असते. जमिनीवर उभं राहून काम केलं तर तो संकोच उरत नाही. शिडीच्या पायांनी हिरवळीत खड्डे पडत नाहीत, वाफ्यातली ट्यूलिप चिरडत नाहीत. मात्र पाण्याचा पाइप कुंडी पाडतो आणि फाटकाखालून घेतला तर फाटक उघडं राहतं. उघड्या फाटकातून कुत्रा बाहेर पडला, तर काचा कितीही चमकत असल्या तरी ते घर गेलंच समजा.

माझी आजची पद्धत सांगतो. पोल आणि बादली दोन्ही व्हॅनमध्ये असतात. तळमजल्याच्या दर्शनी खिडक्या, विशेषतः दाराशेजारच्या, मी बऱ्याच घरी हातानं करतो. वेळ जास्त लागतो, पण घरात शिरताना माणसाची नजर तिथेच जाते. विंडसरमधल्या एका व्हिक्टोरियन घरी वर-खाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्या आहेत. तिथे खालचा मजला पूर्ण हातानं, आणि वर पोल, पण पाणी मंद ठेवून, वरच्या चौकटीला ब्रश न लावता. त्यामुळे वरच्या काचांच्या कडांना थोडं राहतं. ते राहतं हे मी काम घेतानाच सांगितलं. बाईंनी चष्मा काढून वर पाहिलं आणि म्हणाल्या, कडा मला इथून दिसतही नाहीत, पण सांगितलंत ते बरं केलंत.

वरच्या मजल्यासाठी शिडी मात्र मी कुणासाठीही लावत नाही. इथे माझी अडवणूक आहे आणि ती असू दे. एक निवृत्त गृहस्थ माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मागच्या बाजूला काचेच्या छताची बैठक आहे आणि तिच्यावर दोन खिडक्या. त्यांना त्या हातानं पुसलेल्या हव्यात, पोलनं नकोत. मी आरसा दाखवला, थेंब दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमचं विज्ञान बरोबर असेल, पण माझ्या काचा मला पुसलेल्या आवडतात. घर त्यांचं, काचा त्यांच्या. मला त्यात वाद घालण्यासारखं काही दिसलं नाही. मी हिशेब पुरा केला आणि शिडीवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर त्यांना दिला.

तो माणूस आता तिथे जातो. काम चांगलं करतो, कडा छान टिपतो. पुढे एकदा पेट्रोल पंपावर भेटला तेव्हा मी त्याला सांगितलं, त्या घराच्या मागच्या फरश्या सावलीत आहेत, ऑक्टोबरपासून त्यांच्यावर शेवाळ धरतं, शिडीच्या पायाखाली रबरी मॅट घातल्याशिवाय चढू नकोस. त्यानं फरश्या कुठपर्यंत आहेत ते विचारून घेतलं.