दुसऱ्या पाळण्याआधी

गल्ली नंबर चार, धुळे
होळीनंतरचा रविवार

चिरंजीव भाऊ,

तुझे पत्र पोहोचले. घरात दुसरे मूल यावे असे तुम्हा उभयतांच्या मनात आहे आणि त्याआधी लग्न लावून घ्यावे असा सूनबाईचा आग्रह आहे; तुझे म्हणणे मात्र असे की, संसार सुखाने चालला असता, मुलगी अंगणवाडीत जाऊ लागली असता, सासऱ्याला द्यायच्या देजाची राहिलेली रक्कम आणि गावजेवणाचा खर्च कर्जाने उभा करून मांडव घालण्याची घाई कशाला; मन जुळले तेच लग्न. वकील म्हणून नव्हे, काका म्हणून उत्तर द्या, असे तू लिहितोस. या प्रश्नापुरते ते दोघे मला वेगळे करता येत नाहीत. कारण जी माया मला सूनबाईची बाजू घ्यायला लावते, ती न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेली माणसे पाहूनच माझ्या ठायी पक्की झाली आहे.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगतो. तुमच्या घराला मी कधीही सदोष मानलेले नाही. ज्या शहरात मी राहतो त्याच शहरात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवला, आणि भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिताना, आदिपर्वातील श्वेतकेतूच्या कथेसारखी स्थळे निर्भयपणे पुढे मांडून, विवाह ही वस्तू स्वयंभू नाही, मनुष्यसमाजाने ती काळाच्या ओघात घडविली आणि वारंवार बदलली, हे त्यांनी दाखवून दिले. ज्याने तो ग्रंथ मन लावून वाचला त्याला मांडवावाचून चाललेल्या संसारात पाप दिसणार नाही.

तुझ्या पावरा समाजाची रीत तर मला आमच्या शहरी रीतीहून अनेक बाबतींत उजवी वाटते. इकडे मुलीचा बाप हुंड्यापायी शेत गहाण टाकतो, आणि १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा असूनही लाजत नाही. तिकडे मुलीच्या कष्टाचे मोल जाणून वरपक्ष तिच्या बापाला देज देतो. दोघांचे मन बसले, पंचांनी तोड काढली, देजातील काही रक्कम पोहोचती झाली आणि पोर नांदायला आली की गाव तिला सून म्हणते, पुरा विधी पैसा जमेल तेव्हा. त्यामुळे आईबापांचे लग्न मुलांच्या देखत लागते, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. झारखंडात मुंडा-उरांव समाजांत अशा जोडप्यांना ढुकू म्हणतात; तेथे मात्र गावजेवण घालता न आल्यामुळे अर्धे आयुष्य बिनलग्नाचे राहिलेल्या बायकांना समाजाच्या दफनभूमीत जागा नाकारली जाते, आणि अलीकडे भरणाऱ्या सामुदायिक विवाहांत बाप आणि लेक एकाच मांडवात बोहल्यावर उभे राहिलेले आहेत. तुमच्याकडे इतकी कठोरता नाही, ही तुमच्या पंचांची थोरवी.

मग अडते कुठे? रूढी खरी असते ती तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांत. ज्या दिवशी तिची सत्यता अनोळखी माणसापुढे शाबीत करावी लागते, त्या दिवशी सिद्ध करण्याचा भार नेमका दुबळ्याच्या डोक्यावर येतो. साक्री तालुक्यातील डोंगरातल्या एका गावची विधवा मी साक्षीस उभी राहिलेली पाहिली आहे. दिराने तिला घराबाहेर काढून भावाच्या जमिनीवर आपली वहिवाट सांगितली होती. उलटतपासणीत तिला विचारण्यात आले, ‘बाई, लग्न कोणत्या तारखेस झाले?’ ती म्हणाली, ‘मोहाची फुलं पडत होती तव्हा.’ लावले कोणी? पंच बसले होते. त्यांपैकी हयात कोण? तिने हाताची बोटे उघडली, एकेका पंचाचे नाव घेत ती एकेक बोट मिटीत गेली, आणि शेवटी मूठ वळली तेव्हा पुढे काय बोलावे ते तिला कळेना. तिची तीन मुले बाहेर व्हरांड्यात बसून होती. दावा अखेर तडजोडीने मिटला, आणि त्या तडजोडीत तिच्या पदरी झोपडीपुरती जागा आली. त्या बाईच्या संसारात खोटे काहीच नव्हते. कागद तेवढा नव्हता.

कायदा निष्ठुर आहे असे मी म्हणत नाही. स्त्रीपुरुष दीर्घकाळ पतिपत्नी म्हणून नांदले असतील तर न्यायालयाने विवाह झाल्याचेच गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितले; पण त्या खटल्यातील दांपत्य सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेले होते, आणि असे गृहीतक पुराव्याने खोडूनही काढता येते. मुलांच्या पोटगीच्या बाबतीत कायदा औरस-अनौरस भेद करीत नाही, हेही खरे. परंतु १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्यावाचून, लागूच होत नाही. तुमचा विवाह पाहायचा तो तुमच्या रूढीवरून. आणि रूढी नुसती सांगून भागत नाही. २००१ मध्ये उरांव बायको आणि संताळ नवरा अशा एका दांपत्याच्या प्रकरणात, नवऱ्याने दुसरे लग्न केले म्हणून बायकोने केलेली फिर्याद सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. कारण दुसरा विवाह निरर्थक ठरविणारी रूढी जमातीत आहे, हे तिला कायद्याला हवे तसे मांडून सिद्ध करता आले नव्हते. शिकलेल्या बाईची ही गत. तर पाड्यावरच्या बाईने काय करावे?

आता तुझ्या प्रश्नाचे मर्म. दुसऱ्या मुलाआधीच का, नंतर का नाही, असे तू विचारतोस. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात, अन्य रीतीने आधीच लागलेल्या लग्नाची नोंद करून देण्याची सोय आहे, आणि अशी नोंद झाली की विधीच्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांची नावे त्याच नोंदवहीत उतरून ती सर्वार्थाने औरस, आणि पहिल्यापासूनच औरस, मानली जातात. या वाक्यातील ‘विधीच्या तारखेनंतर’ हे शब्द नीट वाच. सारी मदार त्या तारखेवर आहे. सूनबाई नांदायला आली त्या दिवशी पंचांपुढे जे झाले तो तुमच्या रूढीप्रमाणे विवाहविधीच होता असे पंच एकमुखाने सांगत असतील, तर त्यांची लेखी जबानी ते हयात आहेत तोवर घेऊन ठेव, म्हणजे थोरलीही त्या तरतुदीत येईल; आणि ते तसे सांगत नसतील, तर विधी आताच होऊ दे, निदान येणाऱ्या जिवाच्या बाबतीत कोणास तोंड उघडायला जागा राहणार नाही. एकाच आईच्या दोन लेकरांत कागदाने भेद पाडावा हे मला रुचत नाही, म्हणूनच पहिल्या मार्गासाठी मी तुझ्या गावच्या पंचांकडे स्वतः यायला तयार आहे.

आणि सूनबाईचा विचार कर. दिवाळीत ती येथे आली होती तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून तिने मला एकच गोष्ट विचारली : ‘काका, पट्ट्यावर माझं नाव लागेल का?’ तुझ्या आईवडिलांच्या नावे जो वनपट्टा आहे तो २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला आहे. तो विकता येत नाही, पण वारसाहक्काने पुढे जातो, आणि विवाहित असल्यास पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे संयुक्त असावा असे त्या कायद्यातच लिहिले आहे. इतका न्याय्य नियम सातबाऱ्याच्या दुनियेत आम्हा शहरवासीयांनाही लाभलेला नाही. मात्र त्याचा लाभ घ्यायचा तर ती विवाहित असल्याचे कोणास तरी दाखवावे लागेल. तू आश्रमशाळेत पगारावर आहेस. तुझ्या सेवापुस्तकात, नामनिर्देशनात, उद्या ईश्वर न करो पण काही बरेवाईट झाले तर येणाऱ्या प्रत्येक अर्जात, तोच प्रश्न तिला विचारला जाईल, आणि उत्तर द्यायला तू तेथे नसशील. मन जुळले तेच लग्न हे वाक्य पुरुषाच्या तोंडी फार सोपे असते, भाऊ. कारण ते खोटे ठरल्यास रस्त्यावर येणारा तो नसतो.

खर्चाची तुझी भीती मी हलकी मानीत नाही. देजासाठी उचल घेऊन ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेलेले तुझेच चुलतभाऊ आहेत. म्हणून माझे सांगणे असे की विधी आणि जेवणावळ यांची गाठ सोड. पंचांपुढे जेवढा विधी अवश्य तेवढा, घरच्या माणसांत, आताच. देजाच्या बाकीला सासऱ्याकडून मुदत मागून घे, तो समजूतदार आहे. आणि गावाला जेवण तुझा हात मोकळा होईल त्या वर्षी. तुमच्या बोराडीकडची जुनी माणसे प्रथम कुरकुरतील, मग येऊन बसतील.

मात्र हे सारे सूनबाईला वाचून दाखव आणि तिच्याकडून स्वतंत्रपणे होकार घे. मूल व्हावे म्हणून लग्न, किंवा लग्न झाले म्हणून मूल, असे तिच्यावर काहीही लादले जाऊ नये. आज आग्रह तिचा आहे. उद्या तिचे मन बदलले तर हे पत्र रद्दबातल समज.

नोंदीच्या अर्जासाठी दोघांचे वय एकवीस पुरे झालेले असावे लागते, आणि विवाह अधिकाऱ्याच्या जिल्ह्यात दोघांचे निदान तीस दिवस वास्तव्य. ती अडचण तुम्हाला नाही. अर्ज दिल्यावर हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत राहील. दोघांचे जन्मतारखेचे व रहिवासाचे दाखले, थोरलीचा जन्मदाखला आणि सहीला तीन साक्षीदार घेऊन ये; एक मी आहेच. शिरपूरहून सकाळची एसटी धर, म्हणजे कचेरी उघडण्याआधी येथे जेवण होईल. थोरलीला बरोबर आण.

तुझा
काका