घट्ट बसून हलकं चालणं

भोसरी एमआयडीसीत जुनं लेथ मशीन दुरुस्तीला येतं, तेव्हा मालकाचं मागणं बहुधा एकच असतं: क्रॉस स्लाइड जड झाली आहे, जरा मोकळी करून द्या. स्लाइडची फट राखणाऱ्या गिब पट्टीचा स्क्रू थोडा सैल केला की हँडल लगेच हलकं फिरतंही. पण टूलवर कापण्याचा भार आला की स्लाइड डुलते, जॉबवर लहरी उमटतात आणि माप हातात राहत नाही. असं मोकळं केलेलं मशीन मी गिऱ्हाइकाला परत देत नाही.

आधी स्क्रूचा नट सोडवून नुसती स्लाइड तळहाताने ढकलून पाहायची. हलकी सरकली तर दोष तिचा नाहीच. स्क्रू वाकलेला असतो, नट तिरका बसलेला असतो, नाहीतर कॉलरमध्ये चिप्स अडकलेल्या असतात. एवढं न तपासता स्क्रेपर, म्हणजे बीड खरवडायचं हत्यार, उचलायला मी कुणालाच देत नाही.

मध्ये सैल आणि टोकांना जड लागली, तर ती झीज. वर्षानुवर्षं काम मधल्याच पट्ट्यात झालेलं असतं. तिथलं बीड झिजतं, टोकं होती तशीच उंच राहतात. मधल्या जागेप्रमाणे गिब आवळली तर टोकाला अडकते, टोकाप्रमाणे ठेवली तर मध्ये डुलते. स्क्रू कितीही फिरवा, यातून सुटका नाही.

मग ब्ल्यू, म्हणजे उंचवटे दाखवणारा निळा रंग. सपाटपणा तपासायच्या सरफेस प्लेटवर त्याचा थर इतका पातळ द्यायचा की खालची प्लेट दिसली पाहिजे. भाग ठेवायचा, थोडा सरकवायचा, उचलायचा. निळा ठिपका उमटला तिथेच उंचवटा, आणि तेवढाच खरवडायचा. एका फेरीत निघतात ते जेमतेम काही मायक्रॉन. पुढच्या फेरीला दिशा बदलायची, म्हणजे एकाच जागी चर पडत नाही. ठिपके हळूहळू बारीक होतात, वाढतात, सगळीकडे पसरतात. चौरस इंचात १०-१२ सारखे ठिपके दिसले की माझं समाधान होतं.

शिकणारी मुलं विचारतात, "मामा, शेवटी पॉलिश मारू का?" अजिबात नको. आरशासारख्या दोन पृष्ठभागांत तेल टिकत नाही. स्लाइड चिकटते, डायल थोडी फिरवली तर हलत नाही, आणखी फिरवली की उडी मारते. स्क्रेपरने सोडलेले उथळ खळगे तेल धरून ठेवतात.

सरफेस प्लेट तरी सपाट कशावरून, असं एखाद्याने विचारलं तर मला मनापासून आनंद होतो. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेपुढे तीन प्लेटा आळीपाळीने जुळवायची रीत मांडली. दोनच असल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही नेमक्या जुळतात. तिसरी आली की ती लबाडी उघडी पडते.

चाकणच्या नव्या कारखान्यांत स्लाइड एलएम गाईडवर, म्हणजे रेलवर बॉलने सरकणाऱ्या ब्लॉकवर, चालते. तिथे स्क्रेपर कशाला, असं पोरांना वाटतं. पण रेल ज्या बेडवर आवळतात तोच वाकडा असेल, तर बोल्ट कसताच रेलही तशीच वाकते आणि ब्लॉक जड होतो. ब्लॉक कितीही बदला, जड तो जडच; रेल काढून बेडला ब्ल्यू लावावाच लागतो.